हिज्र, विसाल आणि मधला अर्ज

उर्दू गझलेत प्रेमाचे दोनच मुक्काम मानले जातात. हिज्र म्हणजे ताटातूट आणि विसाल म्हणजे भेट. वर्गात गझल शिकवताना आम्ही हे दोन शब्द फळ्यावर लिहितो आणि मुलेही ते पटकन पाठ करतात. पण १९४७ नंतर या उपखंडातल्या असंख्य कुटुंबांच्या नशिबी या दोन मुक्कामांच्या मध्ये एक तिसरी जागा आली. तिथे एक खिडकी आहे, खिडकीमागे कारकून आहे आणि अर्जदाराच्या हातात छापील नमुना आहे. नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची. एकत्र राहायचे तर परवानगी हवी. त्यातही ज्याच्या नावावर आधीच एखादा नियमभंग नोंदलेला आहे त्याची गोष्ट आणखी अवघड. मुदत संपल्यावर राहिला, ठाण्यात नोंद न करता वावरला, किंवा कागदाशिवायच सरहद्द ओलांडली. आणि आता त्याच सरकारच्या दारात उभे राहून त्याला म्हणायचे आहे की माझ्या माणसापाशी मला राहू द्या.

या प्रसंगाचे आपल्या साहित्याने आणि सिनेमाने काय केले ते येथे पाहायचे आहे. आमचे म्हणणे सरळ आहे. सरहद्द ओलांडणारा आशिक आपल्याला फार आवडला. ओलांडून झाल्यावर खाली मान घालून अर्ज लिहिणारा माणूस मात्र आपल्या लेखकांना दिसला नाही. वास्तविक गझलेच्या परंपरेत त्याला जागा होती. माशुकेच्या दाराशी बसलेला दरबान, पासबान हे तिथले जुने पात्र. आशिक त्याची मनधरणी करतो, त्याच्याकडून अपमान सोसतो, पुन्हा दुसऱ्या दिवशी येतो. त्या दरबानाच्या हाती विसाव्या शतकात शिक्का आला, एवढाच काय तो फरक. पण शायर लोक दरबानाला ओळखत असूनही या नव्या दरबानाकडे त्यांनी पाठ फिरवली.

पहिले उदाहरण बूटासिंगचे घेऊ, कारण ते घडलेले आहे. फाळणीच्या धुमाळीत जैनब नावाची मुसलमान मुलगी त्याच्या घरी आली, दोघांचा संसार झाला, मुलेबाळे झाली. पुढे दोन्ही सरकारांच्या करारानुसार पळवून नेलेल्या स्त्रियांना 'परत मिळवण्याची' मोहीम निघाली. १९४९ साली त्यासाठी भारतात खास कायदा झाला. त्या कायद्यात स्त्रीची स्वतःची इच्छा काय, हा प्रश्न कुठेच विचारलेला नव्हता. जैनबला पाकिस्तानात धाडण्यात आले. मागे राहिलेल्या बूटासिंगने इस्लाम स्वीकारला, जमील अहमद हे नाव घेतले आणि तो तिच्या मागे पाकिस्तानात गेला. तिथे पोहोचल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांत नोंद करायची असते, ती त्याने केली नाही. त्यावरून तो मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला. त्याने आपली कहाणी सांगितली, तेव्हा जैनबला कोर्टात आणवले गेले. आणि नातलगांच्या गराड्यात तिने त्याच्याबरोबर जायला नकार दिला. १९५७ साली लाहोरजवळ त्याने मुलीला घेऊन आगगाडीखाली उडी टाकली. मुलगी तेवढी वाचली.

उर्वशी बुटालिया यांनी १९९८ साली फाळणीवरील आपल्या पुस्तकात ही हकिकत सविस्तर मांडली. त्याआधी कॉलिन्स आणि लापिएर यांच्या पुस्तकातून ती जगभर गेली होती. १९९९ साली गुरदास मान यांना घेऊन पंजाबी चित्रपटही निघाला. आमचे लक्ष वेधले ते एका क्रियापदाने. बहुतेक निवेदनांत बूटासिंग नोंद करायला 'विसरला' असे येते. बायकोच्या गावाकडे धावत सुटलेला माणूस ठाण्यात जायला विसरला, हे अगदी शक्य आहे. पण तो विसरला की त्याने मुद्दाम टाळले, याने कथेत काय फरक पडतो? आम्हांला वाटते, पुष्कळ पडतो. 'विसरला' म्हटले की तो निष्पाप ठरतो आणि आपली दया त्याच्याकडे निर्वेधपणे वाहते. 'टाळले' म्हटले तर तो गुन्हेगार ठरतो आणि मग आपल्या दयेला थोडे कष्ट पडतात. आमच्या निवेदकांना हे कष्ट नको असतात. शिवाय या कथेचा मध्यबिंदू, म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढचे त्याचे बोलणे, कुणीच नीट लिहिलेले नाही. नियम मोडल्याचा आरोप असलेला माणूस बचाव म्हणून आपले लग्न सांगतो, आणि त्या लग्नाचा एकमेव साक्षीदार असलेली बायको उलटी साक्ष देते. याहून मोठे नाट्य कोणते? पण सगळ्यांना घाई आगगाडीपर्यंत पोहोचण्याची.

याच कहाणीचा धागा उचलून २००१ साली 'गदर' आला. तो आमच्या गावोगावच्या थेटरांत तुफान चालला आणि त्याविषयी बोलायचे पुष्कळांनी बोलून झाले आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या चित्रपटात सकीना आपल्या आईबापांना भेटायला लाहोरला निघते. तारासिंग आणि मुलगा बरोबर जाणार असतात, पण ऐनवेळी त्यांचा व्हिसा झाला नसल्याचे कळते आणि ती एकटी जाते. येथपर्यंत ही एका नवऱ्याच्या व्हिसाची गोष्ट आहे आणि ती खरी वाटते. पुढे व्हिसाचे नावच निघत नाही. तारासिंग मुलाला घेऊन चोरवाटेने सरहद्द ओलांडतो आणि मग हातपंप उपटण्याचे ते प्रसिद्ध दृश्य. शेवटी बायकोला घेऊन तो आगगाडीतून परत येतो. प्रेक्षक टाळ्या वाजवत बाहेर पडतात. आम्ही मात्र मनाशी विचारत राहिलो की बाईसाहेबांच्या पासपोर्टचे पुढे काय झाले? परत आलेल्या सकीनाची नोंद कोणत्या ठाण्यात झाली? तिच्या नवऱ्याने शेजारच्या देशात जे केले त्यानंतर तिला येथे राहण्याचा कागद कोण देणार होते? ज्यांच्या घरात अशी सून आहे त्यांना हे प्रश्न विनोदी वाटणार नाहीत.

'वीर-झारा' (२००४) त्या मानाने सभ्य चित्रपट. त्यात नायक बावीस वर्षे दुसऱ्याच नावाने लाहोरच्या तुरुंगात राहतो आणि एक तरुण वकीलबाई त्याचा खटला लढवते. पण येथेही नायकावरचा आरोप खोटा आहे. तो हेर नाही, त्याच्यावर कुभांड रचले आहे. आरोप खोटा असला की न्यायाधीशाला आणि लेखकाला, दोघांनाही सोपे जाते. खरा कस लागतो तो आरोप खरा असताना.

म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा 'गर्म हवा'कडे जातो. एम. एस. सथ्यू यांचा हा चित्रपट १९७३ सालचा. इस्मत चुगताई यांच्या अप्रकाशित कथेवरून कैफी आझमी आणि शमा जैदी यांनी तो लिहिला. आग्र्याचे सलीम मिर्झा, जोड्यांचा कारखाना, वडिलोपार्जित हवेली आणि एकामागून एक पाकिस्तानला निघून जाणारे नातलग. बलराज साहनी यांच्या कामाविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही त्यात भर घालीत नाही. आमचे लक्ष सलीम मिर्झांची मुलगी आमिना आणि तिचा नियोजित वर काझीम यांच्याकडे आहे.

काझीम हा आमिनाचा चुलतभाऊ. त्याचे वडील हलीम मिर्झा सभांमध्ये आपण हिंदुस्थान सोडणार नाही असे गर्जून सांगतात आणि गुपचूप कुटुंबासह निघून जातात. तिकडे काझीमचे लग्न बड्या घरी ठरवण्याचा घाट घातला जातो. हा मुलगा ते नाकारतो आणि आमिनाशी लग्न करायला कागदपत्रांशिवाय आग्र्याला परत येतो. घरात आनंदीआनंद होतो, लग्नाची तयारी सुरू होते आणि त्या तयारीतच पोलीस येतात. काझीमला पकडून सरहद्दीपार पाठवले जाते. एवढेच.

या 'एवढेच'मध्ये या चित्रपटाचे मोठेपण आहे. काझीमने कायदा मोडला आहे, हे दिग्दर्शक लपवत नाही. कोणी चहाडी करणारा दुष्ट मामा उभा केलेला नाही, पोलीस राक्षस दाखवलेले नाहीत. एक नियम आहे, तो मोडला गेला आहे आणि नियम आपले काम करतो. प्रेक्षकाला कुणावर चिडावे तेच कळत नाही. आणि कुणावर चिडायचे ते कळत नसल्यामुळे तो आमिनाकडे पाहत राहतो. हे 'गदर'मध्ये होत नाही, कारण तिथे चिडण्याची सोय करून दिलेली आहे.

चित्रपटभर कागदाचा हा खेळ चालतो, याकडे समीक्षकांनी पुरेसे पाहिलेले नाही असे आम्हांला वाटते. हवेली हलीम मिर्झांच्या नावावर आहे, म्हणून ते गेल्यावर ती निर्वासितांच्या मालमत्तेत जमा होते आणि तिथे राहणाऱ्या सलीम मिर्झांना बाहेर पडावे लागते. पुढे सलीम मिर्झांनी कराचीला भावाकडे घराचा नकाशा पाठवला म्हणून त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप येतो. त्यातून ते सुटतात, पण सुटल्यावरही लोकांच्या नजरा बदलत नाहीत. घर नावावर नाही म्हणून गेले, जावई कागदावर नाही म्हणून गेला आणि अब्रू एका कागदावरच्या रेघांमुळे गेली. तीन कागद आणि एक कुटुंब. म्हाताऱ्या दादीला मात्र हे काही कळत नाही, ती लाकडांच्या अडगळीत लपून बसते. आम्हांला ती या चित्रपटातली सर्वांत शहाणी व्यक्ती वाटते. असो.

एवढे मोठेपण मान्य करून आमचा आक्षेप नोंदवतो. काझीमला नेल्यावर चित्रपट त्याला सोडून देतो. कर्जासाठी बँकांचे आणि घरासाठी घरमालकांचे उंबरे झिजवणारे सलीम मिर्झा आपण पाहतो. होणाऱ्या जावयासाठी परवाना कचेरीत खेपा घालणारे सलीम मिर्झा पडद्यावर जवळजवळ नाहीतच. काझीमने तिकडून रीतसर अर्ज केला असेल का, त्यात आधीच्या विनापरवाना येण्याविषयी काय लिहिले असेल, उत्तर आले असेल का, यांविषयी कथा गप्प आहे. तिची जागा भरायला शमशाद येतो, तोही जातो आणि आमिना लग्नाचा जोडा अंगावर घालून जीव देते. आमिनाच्या मृत्यूने आम्हीही हललो. पण या मृत्यूने कथाकारांची एका प्रश्नातून सुटका केली, हे नमूद केलेच पाहिजे. आमिना जगली असती तर तिला अर्ज लिहावा लागला असता. बूटासिंग मरतो, आमिना मरते. जो मरत नाही त्याची कथा होत नाही, अशी काहीतरी आपल्या लेखकांची समजूत दिसते.

त्या काळचा कायदा काय होता ते येथे सांगायला हवे, नाहीतर हा आक्षेप हवेत राहील. फाळणीनंतर सुरुवातीचे महिने माणसे इकडून तिकडे जात-येत होती. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत आणली. तात्पुरता परवाना वेगळा, कायमच्या परतीचा वेगळा. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसा सुरू झाला. या परवान्यांच्या काळातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५५ साली त्याचा निकाल लागला. बिहार राज्य विरुद्ध कुमार अमरसिंह असे त्याचे नाव. गयेच्या एका जमीनदाराची बायको म्हणवणारी बाई जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. डिसेंबरमध्ये ती तात्पुरत्या परवान्यावर परत आली, मुदत संपताना एप्रिल १९४९ मध्ये पुन्हा गेली आणि मे १९५० मध्ये कायमचा परवाना घेऊन आली. दोन महिन्यांत तो परवाना रद्द झाला. तिच्या बाजूने म्हणणे असे की ती उपचारासाठी गेली होती आणि नवरा हिंदुस्थानात असल्यामुळे बायकोचे घरही हिंदुस्थानातच मानले पाहिजे. न्यायालयाने ते मानले नाही. पहिला तात्पुरता परवाना घेताना तिने स्वतःला पाकिस्तानी नागरिक म्हणवले होते, तेच तिच्या आड आले. आम्ही हा निकाल एखाद्या कथेसारखा वाचला. आधीच्या कागदावर, त्या दिवशीचे काम व्हावे म्हणून लिहिलेले एक वाक्य पुढच्या सगळ्या आयुष्याच्या विरोधात साक्ष देते. कादंबरीकाराला आणखी काय पाहिजे?

आजचे नियम बदलले आहेत, पण गाभा तोच आहे. भारतीयाशी लग्न करून येथे राहणाऱ्या पाकिस्तानी स्त्रीसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची तरतूद आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस अधीक्षकच परकीयांची नोंदणी पाहतात. सात वर्षे राहिल्यावर नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली ती नोंदणीचा अर्ज करू शकते. पण २००३ च्या दुरुस्तीनंतर 'अवैध स्थलांतरित' माणसाला हा दरवाजा बंद आहे, आणि अवैध स्थलांतरित म्हणजे केवळ चोरून आलेला नव्हे. कायदेशीर आलेला पण मुदतीपेक्षा जास्त राहिलेलाही त्यातच मोजला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने ठरावीक तारखेआधी आलेल्या काही धर्मांच्या लोकांना यातून वगळले, मुसलमानांना नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून जुना १९४६ चा परकीयांविषयीचा कायदा जाऊन नवा कायदा लागू झाला. त्यात मुदत उलटून राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि दोन्हीही होऊ शकतात. त्याच वर्षी २२ एप्रिलला पहलगाममध्ये निरपराध पर्यटकांची हत्या झाली आणि २७ एप्रिलपासून पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द करण्यात आले. दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र शाबूत ठेवले. अटारीच्या फाटकापाशी आईचा पासपोर्ट एका रंगाचा आणि मुलांचा दुसऱ्या रंगाचा, अशी दृश्ये तेव्हा सगळ्यांनी पाहिली. ज्यांचा दीर्घ मुदतीचा अर्ज केलेला पण मंजूर व्हायचा होता त्यांचे काय, हा प्रश्न त्या आठवड्यात कित्येक घरांत विचारला गेला.

हे आपल्याकडेच होते असे मात्र कुणी समजू नये. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी करण्यात आली होती. तिच्या सांगण्यावर आणि कागदावर विश्वास नव्हता, म्हणून पुरावा शरीरावर शोधला. बोभाटा झाल्यावर ती प्रथा बंद झाली.

आता भाषेकडे वळू, कारण आमचा पेशा तोच आहे. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत निबंधाबरोबर 'दरख्वास्त' शिकवतात. बहिणीच्या लग्नासाठी रजा मिळावी, फी माफ व्हावी, एवढीच तिची धाव. मराठीत तिला अर्ज म्हणतात आणि गंमत अशी की मुशायऱ्यात शायरही शेर म्हणण्याआधी 'अर्ज' करतो. शब्द एकच. मोहल्ल्यात बी.एड. झालेला माणूस म्हणजे अर्ज लिहून देणारा माणूस, अशी समजूत असते आणि त्यामुळे नाना तऱ्हेचे कागद आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी कराचीहून नगर जिल्ह्यात सून म्हणून आलेल्या एका बाईंचा अर्ज लिहायचा होता. या लोकांच्या व्हिसावर शहरांची नावे लिहिलेली असतात, त्याबाहेर परवानगीशिवाय जाता येत नाही. त्या बाई नणंदेच्या मय्यतीला दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन आल्या होत्या, ते नोंदले गेले होते आणि आता मुदतवाढीच्या अर्जात त्याचा खुलासा द्यायचा होता. कचेरीबाहेरच्या टायपिस्टने एक मसुदा करून दिला होता. त्यात 'अनवधानाने माझ्याकडून नियमभंग झाला' असे वाक्य होते. बाईंनी त्या शब्दाचा अर्थ विचारला. आम्ही सांगितला. त्या म्हणाल्या, "सर, भूल से नहीं गई थी. मालूम था, तो भी गई. मय्यत थी ना."

अर्जात शेवटी 'अनवधानाने' हाच शब्द राहिला, कारण घरच्या मोठ्यांनी तोच धरला. त्यांचेही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. सुनेला येथे ठेवायचे होते. पण तेव्हापासून हा शब्द आमच्या डोक्यात आहे. बूटासिंगच्या कथेतला 'विसरला' आणि या अर्जातला 'अनवधानाने' हे सख्खे भाऊ आहेत. निवेदक आणि टायपिस्ट दोघेही एकच काम करतात. माणसाने समजून-उमजून, प्रेमापोटी किंवा दुःखापोटी जो नियम मोडला, त्यातून ते समजणे-उमजणे काढून टाकतात. त्याशिवाय दरबान ऐकत नाही, आणि वाचकही ऐकत नाही असे दिसते. टायपिस्टला आम्ही माफ करतो, त्याच्यापुढे पोट आहे. लेखकाला ही सवलत देता येत नाही. 'मालूम था, तो भी गई' हे वाक्य पेलू शकेल अशी कथा त्याने लिहायला हवी होती.

अर्जाविषयी बोलताना आमच्या गावाच्या किल्ल्याकडे पाहणे अपरिहार्य आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना आझाद यांना इतर नेत्यांबरोबर अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. त्यांच्या बेगम जुलेखा कलकत्त्याला आजारी पडल्या. १९४३ च्या वसंतात आजार विकोपाला गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा तुरुंगाच्या सुपरिंटेंडेंटने सांगितले की तुम्हांला सरकारला काही कळवायचे असेल तर मी लगेच पाठवतो. मौलानांनी नकार दिला. जवाहरलालजींनीही त्यांच्याशी याविषयी बोलून पाहिले, पण ते बधले नाहीत. ९ एप्रिलला बेगम गेल्या. दोन दिवसांनी त्यांनी जे पत्र लिहिले ते 'गुबार-ए-खातिर'मध्ये आहे. पत्रे टाकायची सोय नव्हती, तरी ते लिहीत राहिले आणि सुटकेनंतर १९४६ मध्ये त्यांचे पुस्तक झाले.

आमच्या उर्दूच्या वर्तुळात हे पत्र स्वाभिमानाचा नमुना म्हणून वाचले जाते, आणि ते तसे आहेही. आम्ही ते न केलेल्या अर्जाची कथा म्हणून वाचतो. मौलाना स्वतःला निर्विकार दाखवत नाहीत. बाहेरून दिनक्रम तसाच ठेवण्यासाठी आतून किती ताकद लावावी लागली, वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या पावलांच्या आवाजाने मन कसे धडकत असे, हे ते सांगतात. म्हणून ते पत्र मोठे. पण ज्याला अर्ज नाकारण्याची ऐपत आहे त्याचे हे साहित्य आहे. ती ऐपत पैशाची नव्हे. मागे देश उभा असण्याची. किल्ल्याच्या तटाखालून रोज जाणाऱ्या माणसांपैकी कुणाला पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत बायकोच्या मुदतवाढीसाठी उभे राहायचे असेल तर मौलानांचे पत्र त्याच्या उपयोगाचे नाही. त्याला अर्ज करण्यातला स्वाभिमान सांगणारे पुस्तक हवे, आणि ते उर्दूत तरी आमच्या पाहण्यात नाही.

मराठीत आहे का? पुरते नाही, पण एक फार जवळचे आहे आणि ते फाळणीच्याही आधीचे आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची. युरोपातून निघालेल्या बोटीवर मराठी चक्रधर आणि हिटलरच्या राज्यातून हाकललेली ज्यू तरुणी हेर्टा यांची गाठ पडते. मराठी समीक्षेने या कादंबरीची प्रेमकथा म्हणून, युद्धविरोधी कादंबरी म्हणून पुष्कळ चर्चा केली. आम्ही ती उतरण्याच्या परवानगीची कादंबरी म्हणून वाचावी असे सुचवतो. बोट एकच, डेक एकच, प्रेम दोघांचे. पण मुंबई आली की त्याच्याकडे उतरायला देश आहे आणि तिच्याकडे नाही. पुढे हेर्टा समुद्रात जीव देते. म्हणजे येथेही मृत्यूच. तरी बेडेकरांचे एक वेगळेपण आहे. चक्रधरला त्यांनी निर्दोष ठेवलेले नाही. या माणसाने तिच्यासाठी काय केले असते, काय करता आले असते, हा प्रश्न पुस्तक संपल्यावर वाचकाला टोचत राहतो. कायदा आडवा आला, असे म्हणून त्याला सुटता येत नाही, कारण कायद्याच्या दारावर त्याने पुरेसे डोके आपटलेले नाही. 'गर्म हवा'त जी जागा रिकामी राहिली तिच्या जवळपास एक मराठी लेखक चौतीस वर्षे आधी येऊन गेला होता, याचा आम्हांला अभिमान वाटतो. आणि पुढे कोणी तिकडे फिरकले नाही याचे आश्चर्यही.

मुस्लिम मराठी साहित्याकडून तर ही अपेक्षा अधिक. १९९० साली सोलापूरला पहिले संमेलन झाले तेव्हापासून आपण तलाक, दंगल, गरिबी, संशयाची नजर यांवर पुष्कळ लिहिले. सरहद्दीपलीकडून आलेली सून मात्र आपल्या कथांत क्वचितच दिसते. तिच्याविषयी लिहिले तर आपल्याकडेच बोट दाखवले जाईल, ही भीती त्यामागे असावी. भीती खोटी नाही. पण भीतीपोटी टाळलेला विषय दुसरे लोक उचलतात आणि मग हातपंप उपटले जातात.

लिहायचे तर सामग्री घराघरांत आहे. जुन्या परवान्यांचे तुकडे, ठाण्यातल्या नोंदीच्या पावत्या, मुदतवाढीच्या अर्जांच्या कार्बन प्रती, नाकारल्याची दोन ओळींची पत्रे, आणि त्या अर्जांचे पहिले कच्चे मसुदे, ज्यांत टायपिस्टचा हात लागण्याआधीची भाषा शिल्लक असेल. शेवटचा प्रकार सर्वांत मोलाचा, आणि रद्दीत पहिल्यांदा तोच जातो. वाचकांपैकी कुणाच्या ट्रंकेत असे मसुदे असतील तर नावे-पत्ते खोडून त्यांची नक्कल करून ठेवावी, आणि हरकत नसेल तर आम्हांला दाखवावी.